फिलूचा तुवालो

डाग दिसला की नलू पेडणेकरला चैन पडत नसे. लग्नाच्या पंगतीत समोरच्या अनोळखी माणसाच्या सदऱ्यावर आमटीचा थेंब पडला, तर ती जेवण सोडून त्या थेंबाकडे बघत राही, आणि तिच्या नवऱ्याला, रमाकांतरावांना, पानाखालून तिचा हात दाबून धरावा लागे. डाग ताजा असताना गप्प बसणं हा तिच्या लेखी गुन्हा होता. एकदा तर बारशाला गेली असताना यजमानिणीच्या साडीचा पदर तिने मोरीत नेऊन धुतला होता, आणि यजमानीण पदरामागोमाग मोरीत गेली होती.

या स्वभावाचं चीज झालं ते चर्चमध्ये. नलू लग्न होऊन लालबागच्या पांडुरंग निवासात आली आणि थोड्याच दिवसांत गिरण्यांचा संप सुरू झाला. घराघरांतल्या बायका हाताला काही काम मिळतं का ते शोधू लागल्या. शेजारच्या खोलीतली फिलोमेना फुर्ताडो, म्हणजे फिलू, तिला भायखळ्याच्या सिस्टरांच्या शिवणवर्गात घेऊन गेली. फिलूच्या हातात सुई टिकली नाही आणि नलूच्या हातातून ती सुटली नाही. झबली-टोपडी शिकायला गेलेली नलू बघता बघता वेदीवरची कापडं, मिस्साच्या, म्हणजे मुख्य उपासनेच्या वेळी फादर घालतात ते झगे आणि द्राक्षारसाचा प्याला पुसायचे रुमाल भरू लागली. कुठल्या दिवसांत कुठला रंग हे तिला श्रावण-भाद्रपदासारखं पाठ झालं. एरवी हिरवा, उपासाच्या दिवसांत जांभळा, नाताळ-ईस्टरला पांढरा. वर्षातून दोनदा येणारा गुलाबी झगा तर ती इतक्या हौसेने इस्त्री करी की फादर तो घालायला लाजत.

फिलूने मात्र तिच्या कामाचं कधी कौतुक केलं नाही. नलूने पहिल्यांदा गव्हाच्या ओंब्या आणि द्राक्षाचा घड भरून दाखवला, तेव्हा फिलूने कापड हातात घेतलं, उलटं करून पाठची बाजू बघितली, परत सुलटं केलं आणि विचारलं, "ही द्राक्षं की करवंदं?" नलूचा जन्म वेंगुर्ल्याकडचा. द्राक्षं तिने फळवाल्याच्या गाडीवर पाहिलेली, करवंदं मात्र जाळीतून ओरबाडून खाल्लेली, त्यामुळे सुईतून काय उतरणार ते उघड होतं. तेव्हापासून परळ-लालबागच्या वेदींवर करवंदं लगडली आहेत आणि फिलूने एकदाही त्यांना द्राक्षं म्हटलेलं नाही.

सिस्टरांनी नलूला आणखी एक गोष्ट शिकवली होती. प्याला पुसलेला रुमाल आधी चर्चमध्येच एकदा पाण्यातून काढतात, ते पाणी मातीत ओततात आणि मगच तो धुवायला बाहेर देतात. नलूला हे फार पटलं. चर्चचं कापड धुतलेलं पाणी तीही गटारात सोडत नसे. चाळीत माती म्हणायची तर गॅलरीतल्या तुळशीच्या डब्यात होती तेवढीच, म्हणून ते पाणी इतकी वर्षं तुळशीला जात होतं. तुळस छान फोफावली होती. यात फिलूला सांगण्यासारखं काही आहे असं नलूला कधी वाटलं नाही.

आणि आता फिलूचा मुलगा नेव्हिल फादर झाला होता. नलूच्या ताटात जेवलेला, तिच्या मांडीवर झोपलेला, तिच्या जरीच्या रिळाने क्रिकेट खेळून मार खाल्लेला नेव्हिल. "झगा तूच करायचा मावशी, आणि एक लांब रुमाल पण, त्या दिवशी हात पुसायला," असं त्याने वर्षभर आधीच सांगून ठेवलं होतं. झग्याचं पांढरं रेशीम आणि जर नलूने जिवापाड जपून भरली. हात पुसायच्या फडक्यावर भरतकाम कशाला, असं ती पुटपुटली खरी, पण पुटपुटता पुटपुटता तिने त्याच्याही कोपऱ्यात चार ओंब्या आणि एक घड भरून टाकला.

शनिवारी सकाळी दादरच्या मोठ्या चर्चमध्ये बिशपच्या हातून नेव्हिलची दीक्षा झाली. सगळी चाळ गेली होती. लोक रडले, फोटो काढले. नलूने संपूर्ण सोहळ्यात एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे झग्याची पुढची कड दोन बोटं लांब झाली होती. नेव्हिल गुडघे टेकून बसला तर तिला वाटलं, आता पाय अडकणार. उठला तर वाटलं, आता अडकणार. बिशपनी त्याच्या हातांना काय लावलं आणि हात कशात गुंडाळले, याकडे तिचं लक्षच नव्हतं.

सोहळा संपल्यावर माणसांच्या गराड्यातून नेव्हिलने कापडी पिशवी तिच्या हातात दिली. "मावशी, लांब झालाय, उद्यापर्यंत वर घेशील? सगळं आत आहे, सांभाळ हां." उद्या म्हणजे रविवारी सकाळी परळच्या चर्चमध्ये त्याचा पहिला मिस्सा होता.

घरी येऊन नलूने पिशवी उघडली. झग्याची घडी काढली, आणि तिच्याखाली तो रुमाल. तिने स्वतः विणीचे दोरे मोजून कापलेलं पांढरंशुभ्र लिनन, आणि त्यावर मधोमध तळहाताएवढा पिवळट, तेलकट डाग.

"बघा," ती रमाकांतरावांना म्हणाली. "पहिल्याच दिवशी. फादर झालो म्हणजे काय कसेही हात पुसायचे?"

"समोसे ठेवले होते तिथे," रमाकांतराव वर्तमानपत्रातून म्हणाले.

मग काय, नलूने पदर खोचला. आधी डागावर टाल्कम पावडर चोळून थोडा वेळ ठेवली, मग रिठे कोमट पाण्यात कुस्करून फेस काढला आणि रुमाल हलक्या हाताने धुतला. समोरचा टॉवर दुपारनंतर ऊन अडवतो, तोवर दोरीवर घालून सुकवला. थोडा दमट असतानाच, भरतकाम मऊ टॉवेलवर पालथं ठेवून इस्त्री फिरवली. डाग असा गेला की तिलाच कुठे होता ते सापडेना. धुतलेलं पाणी नेहमीप्रमाणे तुळशीला घालून, झग्याची कड वर घेत ती समाधानाने बसली. असं समाधान आयुष्यात फार वेळा मिळत नाही आणि तिलाही ते चहाच्या वेळेपर्यंतच पुरलं.

चहाच्या वेळी फिलू आली. गोव्याहून आलेल्या पाहुण्यांना खोली पुरत नव्हती, म्हणून ती श्वास घ्यायला आली होती.

"कडेचं हेम झालं काय गो? आणि तो तुवालो कुठे आहे? नीट ठेवलास ना?"

"कसला तुवालो?"

"अगो, नेव्हिलचे हात बांधले तो. तेलाचा." फिलू स्टुलावर बसली आणि तिचा आवाज नलूने कधी ऐकला नव्हता इतका मऊ झाला. "पूर्वी होतं हे, मधे कोणी करत नव्हतं, आता परत सुरू झालंय. फादर पहिल्या मिस्साला तो तुवालो आईला देतो. आई तो जपून ठेवते. आणि ती गेली ना, की पेटीत तिच्या हाताला बांधतात. वर विचारतात, काय आणलंस? बाकीचे लोक चांगली कामं आठवत बसतात. प्रीस्टाच्या आईने नुसते हात पुढे करायचे. त्या तेलाचा वास आला की सरळ आत."

नलूने झगा रुमालावर ओढून घेतला.

"मी नळावर किती भांडलेय तुला माहीत आहे," फिलू म्हणाली. "गोम्स मावशीच्या अंगावर बादली ओतली होती. माझ्याकडे दुसरं काय आहे सांग दाखवायला? बरं झालं, देवाने हे तरी दिलं." तिने कप खाली ठेवला. "आता दाखवू नको. उद्या नेव्हिलच्या हातून घेईन."

ती गेल्यावर नलूने रुमाल उजेडाला धरून डाग शोधला, पण तो खरोखरच गेला होता. आयुष्यभर तिने लोकांचे डाग काढले होते, आणि आता शेजारणीचा स्वर्गात जायचा परवाना रिठ्याच्या पाण्यात धुऊन, वर इस्त्री करून ठेवला होता. फिलूला हे कळलं तर ती पुन्हा बोलणार नाही, आणि फिलू बोलणार नसेल तर या चाळीत राहून करायचं काय, हे नलूला सुचेना.

रमाकांतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि गिरणीत फिटर असल्यासारखा, म्हणजे ते होतेच, उपाय काढला. "अगो, खोबरेल लाव थोडा. तेल ता तेल. कोणाक कळतला? वर काय देव नाक लावून बघता?"

"देवाचा माका माहीत नाय. फिलूक नाक आसा."

तरीही तिने एका उरलेल्या लिननच्या तुकड्यावर खोबरेल टाकून पाहिलं. तुकड्याला तिच्या वेणीचा वास येऊ लागला. मग देव्हाऱ्यातलं अत्तर घालून पाहिलं, तर तो गणपतीच्या मंडपासारखा घमघमला. रमाकांतराव म्हणाले, "ह्या चलात." नलूने तो तुकडा त्यांच्याच हातात कोंबला आणि ती नेव्हिलला शोधायला निघाली.

नेव्हिल खाली चाळीच्या चौकात खुर्च्या मांडत होता. कालपर्यंत तो 'अरे' होता. आज त्याला काय म्हणावं हे तिला ठरवता येईना.

"फादर," ती म्हणाली. मग म्हणाली, "अरे इकडे ये जरा." जिन्याखालच्या कोपऱ्यात नेऊन तिने विचारलं, "तू आता कन्फेशन ऐकतोस ना? ऐकलेलं कोणाला सांगत नाहीस ना?"

"मावशी, टेक्निकली तुझं कन्फेशन होत नाही हां. तू कॅथलिक नाहीस."

"पण सांगणार नाहीस ना?"

"नाही सांगणार. बोल."

नलूने सांगितलं. समोशाच्या संशयासकट सगळं सांगितलं. नेव्हिलने आधी तोंडावर हात ठेवला, मग भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते. त्याने ऐकलेलं हे आयुष्यातलं पहिलं कन्फेशन, आणि त्यात त्याच्याच हातावरचं पवित्र तेल टाल्कम पावडर लावून उतरवल्याची कबुली होती.

"हसतोस काय. दुसरं लाव ना जरा. तुझ्याकडे असेल बाटली."

"नाही मावशी, ते तेल बिशप वर्षातून एकदाच करतात. परत लावलं तर ते खोटं होईल. आणि मी मम्मीला खोटं दिलं तर तिला कळणारच." तो गंभीर झाला. "चूक माझी पण आहे. मी नुसतं सांभाळ म्हणालो. तुझ्या हातात कापड देऊन असं म्हणायला नको होतं."

"मग दंड काय माझा?"

"मम्मीला तू स्वतः सांग."

"हा दंड नाही," नलू म्हणाली. "ही फाशी आहे."

तिने प्रयत्न केला नाही असं नाही. संध्याकाळी ती फिलूकडे गेली, तर फिलू मटणाच्या, त्यांच्या सोरपोतेलच्या, पातेल्यापाशी बसलेली आणि भोवती आठ-दहा नातेवाईक. एका मावशीने नलूचा हात धरून "झगा तुम्हीच केला ना?" म्हणत तिला सगळ्यांच्या पुढे उभं केलं. एवढं कौतुक अंगावर घेऊन कोण गुन्हा कबूल करील? नलू वाटीभर गोड नेवऱ्या घेऊन परत आली.

रविवारी सकाळी संधी आयती चालून आली. जन्मभर फ्रॉक घातलेल्या फिलूने या दिवसासाठी साडी काढली होती, आणि ती नेसवायला नलूच हवी होती. दार लावून दोघीच होत्या. नलू गुडघ्यांवर बसून निऱ्या धरत होती. आता सांगायचं, असं तिने ठरवलं आणि तोंड उघडलं, तर फिलूने वरून तीन सेफ्टी पिना तिच्या ओठांत दिल्या. पिना संपेपर्यंत खालून गाडीचा हॉर्न वाजला होता.

"चांगली दिसते काय गो मी?" फिलूने आरशात बघत विचारलं.

नलूने मान हलवली. तिला रडू येत होतं, आणि फिलूला वाटलं, साडीमुळे.

मिस्सा छान झाला. झग्याची कड अगदी बेताची होती, पण या वेळी नलूला ती दिसली नाही. शेवटी नेव्हिलने माइक घेतला, घसा साफ केला आणि आईला पुढे बोलावलं. तो रुमाल कशासाठी असतो ते त्याने लोकांना सांगितलं. तेलाचा उल्लेख करताना तो जरासा अडखळला, हे फक्त दुसऱ्या बाकावरच्या नलूला कळलं. मग त्याने घडी आईच्या हातात ठेवली.

फिलूने घडी नाकाशी नेली. थांबली. उलगडून परत नाकाशी नेली. सगळ्या चर्चला वाटलं, माऊली वास साठवून घेते आहे, आणि पाहुण्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. फिलूने मान वळवली आणि बरोबर दुसऱ्या बाकाकडे पाहिलं. नलूने नजर खाली घातली. रमाकांतराव हळूच म्हणाले, "झाला."

चर्चच्या हॉलमधल्या जेवणात फिलू सगळ्यांशी बोलली, नलूशी नाही. तिच्या ताटात केकचा तुकडा ठेवला तोही दुसरीकडे बघत. वेदीवरच्या कापडावरून करवंदांचा विषयसुद्धा काढला नाही. फिलूचा आरडाओरडा नलूने आयुष्यभर ऐकला होता आणि तो कधीच मनाला लावून घेतला नव्हता. ही शांतता मात्र तिच्याने सहन होईना. ती केक न खाता घरी आली.

दुपारी पाहुणे आडवे झाले तेव्हा फिलू गॅलरीत आली. साडी तशीच होती, पण पदराचा बोळा खांद्यावर. तिने स्टूल ओढलं, रुमाल मांडीवर ठेवला आणि विचारलं, "रिठे की शिकेकाई?"

"रिठे."

"आणि आधी?"

"टाल्कम," नलू म्हणाली. "फिलू, मला ठाऊक नव्हतं गो. मला वाटलं, डाग आहे."

"तुला काय, सगळे डागच दिसतात." फिलूने रुमाल उलटा करून पाठची बाजू पाहिली, सवयीने. "रागावलेय मी. पुढच्या ईस्टरपर्यंत रागावणार आहे, आधीच सांगून ठेवते. तिथे सगळ्यांच्या समोर मी नाकाला लावला, आणि तेलाचा वास येईल म्हणून वाट बघते, तर पावडरचा वास. मला वाटलं, कोणीतरी नेव्हिलचं दुपटं दिलं हातात. तो झाला तेव्हा तूच धुवायचीस ना त्याची दुपटी? मला ताप होता."

"हो."

"असाच वास यायचा." तिने घडी पुन्हा नाकाशी नेली. "पण तो वास वर कोण ओळखणार? त्यांना तेल पाहिजे. सगळं तेल गटारात घालवलंस तू."

"गटारात नाही," नलू पटकन म्हणाली. "चर्चचं पाणी मी गटारात कधी नाही ओतलं. तुळशीत घातलं."

फिलूने वळून डब्याकडे पाहिलं. तुळस गुडघ्याएवढी वाढलेली, मंजिऱ्यांनी भरलेली होती. "कालचं पण?"

"कालचं पण. नेहमीचंच. सिस्टरांनी सांगितलं होतं, मातीत घाला. आपल्याकडे माती आणखी कुठे आहे?"

फिलू उठली. तुळशीपाशी वाकून तिने एक पान चुरडून हुंगलं. तेलाचा वास अर्थातच आला नाही, तुळशीचा आला. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"तुमच्यात माणूस गेलं की तोंडात तुळशीपत्र ठेवतात ना?"

"ठेवतात."

"मग माझ्या हाताला हा तुवालो बांधतील, तेव्हा घडीत ह्या तुळशीचं पान ठेवायचं. ह्याच झाडाचं, दुसऱ्या कोणाच्या घरचं नाही. तेल जिथे गेलं तिथलं पान. वर विचारलं तर सांगेन, बाकीचं माझ्या शेजारणीने धुतलं, तिला विचारा."

"ठेवतील," नलू डोळे पुसत म्हणाली. "मी नेव्हिलला सांगून ठेवते."

"नेव्हिलला नाही. त्याला मंजिरी आणि पान कळत नाही. तू ठेवायचंस. डाग तू काढलास, पानही तूच ठेवायचं."

"आणि मी आधी गेले तर?"

"नाही जायचं," फिलू म्हणाली. "मी जाईपर्यंत तू कुठे जायचं नाहीस. हा तुझा दंड."

दंड हा शब्द ऐकून, नेव्हिलने तोंड उघडलं होतं की काय, अशी शंका नलूला क्षणभर आली. पण ती विचारायच्या भानगडीत पडली नाही. गेली दोन वर्षं ती डॉक्टरांच्या गोळ्या आठवल्या तर घेत होती, नाहीतर नाही, आणि कुणी रागावलं तर आता काय राहिलंय म्हणत होती. इतक्या दरडावून तिला जगायला कुणी सांगितलं नव्हतं. तिला फार बरं वाटलं. ती आत गेली, डब्यातून सकाळची राहिलेली गोळी काढून गिळली आणि पेल्यात उरलेलं पाणी घेऊन तुळशीपाशी आली.

"कमी घाल," स्टुलावरून फिलू म्हणाली. "मुळं कुजतील. मला पान पाहिजे तिचं." आणि रुमालाचा कोपरा बोटाने चाचपत पुढे म्हणाली, "करवंदं बरी झालीत."